आपण जिंकलो, त्या हरल्या

मराठी भाषेचं भवितव्य काय, यावर साहित्य संमेलनात दरवर्षी काळजी केली जाते. आमच्यासारख्या बी. कॉम. झालेल्या माणसानं त्यात पडू नये हे बरं. पण एका बाबतीत आपली भाषा इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे, एवढं मी व्हाउचरवर सही करून द्यायला तयार आहे. बिचाऱ्या इंग्रजीला एकट्या 'वुई'वर सगळा संसार भागवावा लागतो. आपल्याकडे 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. यजमान 'आम्ही जेवायला बसतोय' म्हणाला तर पाहुण्यानं चपला शोधाव्यात, आणि 'आपण जेवायला बसू' म्हणाला तर हात धुवावेत. एवढ्याशा फरकावर माणसाचं पोट अवलंबून असतं.

सोलापूरकराला हे व्याकरण शिकवावं लागत नाही. आमच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात तेलुगू बोलली जाते, आणि तेलुगूतही हीच चैन आहे : 'मेमु' म्हणजे आम्ही आणि 'मनमु' म्हणजे आपण. शिवाय आमच्याकडे 'आपण'चा 'मी' असाही एक अर्थ होतो. 'आपण नाही कुणाला भीत' असं चौकात उभं राहून म्हणणारा माणूस एकटाच असतो, आणि बहुधा भ्यालेला असतो. बँकेच्या काउंटरवर 'सर्व्हर डाऊन आहे, आपण उद्या या' असं मी म्हणतो तेव्हा त्या 'आपण'मध्ये मी मुळीच नसतो.

हे सगळं पुराण सांगायचं कारण म्हणजे आमच्या शेजाऱ्यांची धाकटी मुलगी खो-खो खेळते. आहे आमच्याच वाटेवरची, म्हणजे बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या कॉलेजचा मुलींचा संघ यंदा साखळी सामने संपवून बाद फेरीत गेला, आणि आमच्या बँकेत, कॉलनीत आणि चहाच्या टपरीवर 'आपण' या शब्दाचा खप एकाएकी वाढला.

साखळी सामन्यांना मी एकदा गेलो होतो. स्वखुशीनं नव्हे, शेजाऱ्यांची स्कूटर बंद पडली होती आणि मुलीला मैदानावर सोडायचं होतं. त्या दिवशीचे प्रेक्षक मी मोजले. मोजण्याची सवय आहे. मार्गदर्शक सर, एका मुलीचा कंटाळलेला भाऊ, पाणी देणारे शिपाईमामा, मी, आणि खांबाशेजारी झोपलेलं एक कुत्रं. सामना चालू झाल्यावर कुत्रं उठून गेलं. सोलापूरचं ऊन असं की उभा माणूस बसतो आणि बसलेला आडवा होतो. त्या उन्हात आठ मुली ओळीनं उकिडव्या बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे, आणि नववी वाऱ्यासारखी पळणारी.

ज्यांनी शाळेनंतर खो-खो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पाठलाग करणाऱ्या मुलीला मधली रेषा ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की उलट फिरता येत नाही. पुढच्या खांबापर्यंत जायचं, नाहीतर बसलेल्या गड्याला पाठीमागून हात लावून 'खो' द्यायचा आणि त्याच्या जागी आपण बसायचं. पळणाऱ्या मुलीला मात्र कुठूनही कुठंही जाण्याची मुभा. बंधनं सगळी पाठलाग करणाऱ्याला. गृहस्थाश्रमाचं इतकं अचूक चित्र दुसऱ्या कुठल्या खेळात नसेल. आमच्या बँकेतही खो-खो चालतोच. गिऱ्हाईक पहिल्या खिडकीवरून दुसऱ्या आणि दुसऱ्यावरून पाचव्या खिडकीकडे पाठवलं जातं. फरक एवढाच, की आमच्याकडे खो मिळालेला माणूस उठत नाही.

तर बाद फेरी. स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आणि एक धूसर फोटो छापून आला आणि उपांत्यपूर्व सामन्याला तोबा गर्दी झाली. आमचे हेडकॅशिअर, ज्यांनी आयुष्यात नोटांखेरीज कशाचाही पाठलाग केलेला नाही, ते अर्धी रजा टाकून आले. संघ जिंकला. दुसऱ्या दिवशी कॅशच्या पिंजऱ्यातून ते ओरडले, "आपण जिंकलो!"

आता हेच गृहस्थ आठ दिवसांपूर्वी, संघ साखळीतला एक सामना हरला तेव्हा काय म्हणाले होते, हे मला स्वच्छ आठवत होतं. ते म्हणाले होते, "हरल्या म्हणे त्या."

ही काही एकट्या सोलापूरची खोड नव्हे. अमेरिकेत रॉबर्ट सियाल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांना घेऊन याचा चक्क अभ्यास केला आणि १९७६ साली तो प्रसिद्ध केला. सात विद्यापीठांतले विद्यार्थी सोमवारी कोणते कपडे घालून येतात हे त्यांनी मोजलं. आदल्या शनिवारी आपल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला असेल तर विद्यापीठाचं नाव असलेले सदरे वर्गात जास्त दिसत. पुढे फोनवरून सामन्याबद्दल विचारलं तर जिंकल्यावर 'वुई' आणि हरल्यावर 'दे' म्हणण्याकडे कल. त्यांचं एकच 'वुई' असूनही ही तऱ्हा. आमच्या हेडकॅशिअरांच्या हाताशी तर दोन-दोन सर्वनामं.

वाणिज्य शाखेच्या माणसाला यात दिसतं ते असं. नफा आला की भागीदारी, तोटा आला की 'आमचा त्या फर्मशी संबंध नाही'. अशा भागीदाराला कायदा काय म्हणेल ते सांगायला नको. पण हा आक्षेप मी हेडकॅशिअरांपुढे ठेवला तेव्हा त्यांनी मला गप्प केलं. म्हणाले, "अहो, आम्ही ओरडलो म्हणून त्या पळाल्या. आवाज हे आमचं भांडवल."

मुद्दा विचार करण्यासारखा होता, म्हणून मी विचार केला. ओरडण्यानं खरंच काही होतं का? याचा पुरावा २०२० सालच्या महासाथीनं आपोआप दिला. युरोपात फुटबॉलचे सामने रिकाम्या मैदानांवर झाले. नंतर अभ्यासकांनी आकडे तपासले तेव्हा दिसलं, की घरच्या मैदानाचा फायदा कमी झाला. आणि गंमत अशी की पंचांच्या वागण्यात ठळक फरक पडला; एरवी पाहुण्या संघाला जास्त पिवळी कार्डं दाखवणारे पंच प्रेक्षक नसताना बरेच समान वागू लागले. थोडक्यात, आपला आवाज खेळाडूच्या पायात किती शिरतो कोण जाणे, पंचाच्या कानात मात्र नक्की शिरतो.

हे वाचल्यावर मला त्या उपांत्यपूर्व सामन्याची शेवटची दोन मिनिटं आठवली, आणि तेव्हापासून 'आपण' हा शब्द दाताखाली खडा आल्यासारखा लागतो. दोन्ही संघ बरोबरीत होते. आमची एक मुलगी खो मिळायच्या आधीच उठली. हात पाठीला लागायला अजून वीतभर अंतर होतं. नियमानं तो फाऊल. पंचानं शिट्टी तोंडात धरली होती. पण त्याच क्षणी आमच्याकडच्या दीडदोनशे लोकांनी अशी आरोळी ठोकली, की ती शिट्टी वाजली नाही, किंवा वाजली असली तर पंचालाही ऐकू गेली नसेल. मुलीनं सूर मारला, समोरची बाद झाली, आणि एका गुणानं सामना खिशात. बाद झालेली ती दुसऱ्या कॉलेजची पोर गुडघ्यावरची माती न झाडता खांबाला टेकून रडत बसली होती. तिच्या बाजूनं ओरडायला तिच्या गावाहून कोणी आलं नव्हतं.

आमच्या मुलीचा यात काही दोष होता असं मी म्हणणार नाही. त्या धावपळीत वीतभराचा हिशेब खेळणारा ठेवत नाही. त्यासाठी पंच असतो. पण मग हा गुण कोणाच्या खात्यावर घालायचा? मुलींनी तर तो कमावला नाही. तो खरोखरच आम्ही मिळवला. म्हणजे त्या सबंध सामन्यात 'आपण जिंकलो' हे विधान जिथं तंतोतंत खरं होतं, ती जागा नेमकी ही! हेडकॅशिअरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "तुम्ही फार विचार करता. म्हणून तुमचं प्रमोशन होत नाही." बँकेत ज्या रकमेचं खातं सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. तो एक गुण मी तिथं टाकून ठेवला आहे.

बरं, पक्षपात करूच नये, असं म्हणावं तर तेही जमत नाही. तटस्थ प्रेक्षक म्हणजे आमचा पंढरीचा विठोबा. अठ्ठावीस युगं कमरेवर हात ठेवून उभा, कोणाच्याही बाजूनं 'हो' नाही की 'हुर्यो' नाही. देवाला ते शोभतं. माणसानं तसं उभं राहून सामना पाहिला तर लोक त्याला स्पर्धेचा निरीक्षक समजतात आणि चहा आणून देतात, पण सामना पाहिल्याचा आनंद त्याला होत नाही. कोणाचं तरी व्हावंच लागतं.

आणि कोणाचं व्हायचं ते आपण थोडंच ठरवतो! माझी लातूरला बदली झाली होती, तेव्हा मी तिथल्या संघासाठी इतकाच घसा फोडला होता. बदलीच्या हुकमात पगार, घरभाडे भत्ता आणि निष्ठा एकदमच वर्ग होतात. बरं, ज्या संघाला आपण 'आपला' म्हणतो त्यातल्या मुली तीन वर्षांत पदवी घेऊन जातात, सर बदलतात, गणवेशाचा रंगही बदलतो, तरी संघ तोच! मला याचं नवल वाटत नाही. आमच्या बँकांची विलीनीकरणं झाली, दारावरची पाटी बदलली, आयएफएससी कोड बदलला, मॅनेजर तर पावसाळ्यासारखे येऊन गेले, पण पासबुक घेऊन येणारे आजोबा अजून 'आमची बँक' असंच म्हणतात. त्यांना तो हक्क आहे. त्यांची ठेव आहे.

ठेव! गाडं इथं येऊन अडतं. दिल्लीला १९ जानेवारी २०२५ या दिवशी खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. रविवार होता, आमच्याकडे होम मैदानावर सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला, आणि गड्ड्यातल्या आकाशपाळण्याच्या रांगेत लोक एकमेकांना सांगत होते, "आपण जिंकलो." त्याच विश्वचषकात पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असं लोळवलं होतं, तेव्हाही 'आपणच'. कर्णधार प्रियांका इंगळे. ती आपली, असं पिंपरी-चिंचवडकर म्हणाले, कारण ती तिथं वाढली. बीडकर म्हणाले आपली, कारण मूळ गाव तिकडचं. आम्ही सोलापूरकर म्हणालो आपली, कारण बीड काही फार लांब नाही.

त्यातही धाराशिव आम्हाला जवळचं. तुळजापूर ओलांडलं की आलंच. तिथल्या सारिका काळे २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या कर्णधार होत्या, आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा 'आपल्या सारिकाला अर्जुन' म्हणत आमच्या शाखेत पेढे वाटले गेले. मीही दोन खाल्ले. नंतर वर्तमानपत्रात त्यांचं सांगणं वाचलं, की खेळायला लागल्या त्या काळात घरात एकाच वेळचं जेवण मिळायचं. त्या न मिळालेल्या दुसऱ्या जेवणात आमचा वाटा किती होता, असं मनात आलं आणि पेढा जरा जड गेला. अर्जुन 'आपला', उपास मात्र 'त्यांचा'.

'आपण'ची हद्द कुठवर असते हाही प्रश्नच आहे. २०१८ साली जाकार्तामध्ये आशियाई स्पर्धेत महिलांच्या कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणनं भारताला २७-२४ असं हरवलं. इराणच्या प्रशिक्षक कोण? नाशिकच्या शैलजा जैन! आता सांगा, 'आपण' हरलो की 'आपण' जिंकलो? हेडकॅशिअरांना विचारलं तर ते म्हणाले, "खेळाडू हरल्या, मराठी माणूस जिंकला," आणि नोटा मोजायला लागले. हात कुठंच पोचत नाही असं नाही. लडाखच्या मुली बर्फावर हॉकी खेळतात. २०२५ साली भारताच्या मुलींनी त्या खेळात आशिया चषकाचं कांस्यपदक आणलं. सोलापुरात बर्फ दिसतो तो रसवंतीच्या गाड्यावर, तोही भुशात गुंडाळलेला. तरी बातमी वाचून मी म्हणालोच, 'वा, आपल्या मुली!' जीभ थांबत नाही. जिभेला थांबवावं असंही मला वाटत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे, की या खात्यात नुसती काढायची पावती भरून कसं चालेल?

हे म्हणून दाखवायची संधी लवकरच आली. अंतिम सामना पंढरपुरात होता. मुलींच्या जाण्यायेण्यासाठी आणि बुटांसाठी वर्गणी काढायची टूम निघाली. ज्या कॉलनीत गणपतीच्या मंडपाला पाचशे एक सहज मिळतात तिथं 'आपल्या' संघासाठी एक्कावन्न मिळवताना घाम फुटला. 'कॉलेज देत नाही का?' 'सरकारनं द्यायला पाहिजे.' 'मुलींचे आईवडील आहेत की.' आदल्या दिवशीचे सगळे 'आपण' एका पावतीपुस्तकानं पुसून टाकले. हेडकॅशिअरांनी मात्र, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे, काही न बोलता एक हजार दिले. मोजून.

मुली एसटीनं गेल्या. आम्ही माझ्या जुन्या मारुतीतून : मी, शेजारी आणि मागे डब्यांचा ढीग. सामना झाला आणि आमचा संघ हरला. चांगला लढून वगैरे नव्हे, सरळ हरला. समोरच्या मुली फार सरस होत्या. मी दोन तास ओरडलो आणि कोणाच्याही पायात काही शिरलं नाही. शेजारी गर्दीच्या मागे उभे होते. मुलगी पडली की ते खिशातून किल्ल्या काढायचे आणि उठली की परत ठेवायचे.

ती आमच्याकडे आली. कोपर सोलवटलं होतं, वेणीत माती. म्हणाली, "हरलो ओ काका आपण."

खरं तर 'आम्ही' म्हणण्याचा पुरा हक्क तिचा होता. नऊ जणी खेळल्या, नऊ जणी हरल्या. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायची सोय मराठीत आहेच. जिंकल्यावर तिनं 'आम्ही जिंकलो' असंच सांगितलं होतं, ते मी नीट ऐकलं होतं. मला उत्तर सुचेना. मी आपलं विचारलं, "धपाटं खातेस का?"

परतताना ती आमच्या गाडीत बसली आणि मोहोळच्या आतच झोपली. मग शेजारी हळूच म्हणाले, "झालं आता. हे शेवटचं. पुढच्या वर्षी खेळबिळ बंद. दोन-तीन ठिकाणांहून विचारणा आलीय. हातापायांवर असल्या खुणा घेऊन पोरगी दाखवायची कशी?"

मैदानावर मी दीडदोनशे लोकांत ओरडतो. इथं गाडीत एकटा होतो, ऐकणारा एकच होता, आणि आवाजही वाढवता येत नव्हता. तरी म्हणालो, "तिसरं वर्ष तरी खेळू दे. पदवी होऊ दे. खुणांचं काय, माझ्या कपाळावर पण आहे. झालं की माझं लग्न."

"तुमचं काय जातंय ओ," ते म्हणाले. "मुलगी आमची आहे."

आमची! मी गिअर बदलला. त्यात चूक काही नव्हतं. मुलगी त्यांची, काळजी त्यांची, तिच्या बुटांचा पहिला जोड त्यांनीच ओव्हरटाइम करून आणलेला; तो व्यवहार मला ठाऊक होता, कारण पैसे माझ्याच खिडकीवर काढले होते. मी म्हणालो, "आहेच. पण एक्कावन्न रुपयांपुरतं बोलू द्या." आणि मग जे काही सुचलं ते बोलत राहिलो : खेळाडूंना नोकरीत राखीव जागा असतात, सारिका काळे क्रीडा अधिकारी झाल्या, त्याही आपल्या तुळजापूरला. ते खिडकीबाहेर उसाकडे बघत बसले.

लांबोटीला चहाला थांबलो. पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत. चिवड्याची दोन पाकिटं घेतली, एक माझ्या हातात कोंबलं, दुसरं झोपलेल्या मुलीच्या उशाशी ठेवलं. गाडी सुरू झाल्यावर बऱ्याच वेळानं म्हणाले, "पुढच्या वर्षी सामने कुठं आहेत, विचारून ठेवा तिला."

"तुम्हीच विचारा," मी म्हणालो. "मुलगी तुमची आहे."